सात-शून्य, आणि तीन नंबरवर फुटू पाहणारं खापर

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या तीन नंबरने, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळणाऱ्या लेफ्ट बॅकने, संघाचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. काही लिहिलं नाही, कुणाला उलट उत्तर दिलं नाही. ग्रुपवर त्याच्या आधीचा मेसेज होता, ‘तीन गोल एकट्या डाव्या बाजूने. बघा आता कोणामुळे हरलो ते.’ त्याखाली सहा जणांचे अंगठे.

दुपारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात आम्ही 7-0 असा सपाटून मार खाल्ला होता. नाशिकमधल्या एका कॉलेजचा हा फुटबॉल संघ, आणि मी त्यांना सकाळचा सराव देतो. कॉलेजचं नाव घेत नाही, मुलांचीही घेत नाही. जर्सीच्या नंबरांवर काम भागतं. एवढ्या मोठ्या पराभवानंतर आम्ही आठवडाभर जे तपासलं ते सविस्तर मांडतो आहे, कारण पहिल्या रात्री आम्हा सगळ्यांना जे कारण अगदी उघड वाटत होतं ते चुकीचं निघालं. आणि त्यापायी एक चांगला खेळाडू आमच्या हातून जाणार होता.

मैदानावर काय झालं

सामना बाद पद्धतीचा, 35-35 मिनिटांचा. एका दिवसात बरेच सामने उरकायचे असल्याने आयोजकांनी वेळ कमी ठेवली होती. मैदान गवताचं, आदल्या रात्रीच्या पावसाने ओलं. समोरच्या संघात देवळाली कॅम्पात वाढलेली दोन-तीन पोरं होती, लहानपणापासून मोठ्या मैदानावर खेळलेली. त्यांचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने, आमच्या डाव्या बाजूवर, हल्ला करणारा खेळाडू, दिसायला किरकोळ, पण चेंडू पायात आला की आधी मान वर करून बघायचा आणि मग पळायचा. कॉलेज पातळीवर असा खेळाडू क्वचित दिसतो.

पहिला गोल बाराव्या मिनिटाला कॉर्नरवर झाला. मार्किंग सुटलं, होतं असं. त्यानंतर सात मिनिटं आम्ही बरोबरीने खेळलो, त्यांच्या गोलीला एक चेंडू झेप घेऊन अडवावा लागला. मग 19, 21, 24 आणि 27 व्या मिनिटाला गोल. आठ मिनिटांत चार. मध्यंतराला 5-0. दुसऱ्या अर्धात 52 व्या मिनिटाला सहावा आणि 68 व्या मिनिटाला पेनल्टीवर सातवा.

सामन्यानंतर सगळ्यांनी मिसळ खायला जायचं आधीपासून ठरलं होतं. तो विषय कुणी काढलाच नाही. बुटांना लागलेला चिखल काठीने खरवडत पोरं पायऱ्यांवर बसून राहिली.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं

संध्याकाळपर्यंत माझ्या कानावर पाच कारणं आली. पोरांना स्टॅमिना नाही. गवतावर सवय नाही. रेफ्रीने दोन ऑफसाइड दिले नाहीत. समोरची टीम वरच्या दर्जाची होती. आणि सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण, तीन नंबर सारखा वर चढत होता आणि मागे येत नव्हता.

रेफ्रीचा मुद्दा मी तिथेच बंद केला. सात गोलांत दोन वजा केले तरी पाच उरतात. गवताचं म्हणणं थोडं खरं आहे. आमचं मैदान मुरमाचं, तिथे चेंडू उसळतो, ओल्या गवतावर तो सरपटत पुढे निघतो. पण तेवढ्याने सात गोल होत नाहीत. स्टॅमिनाचं कारण तर या संघाला लागूच होत नाही. त्र्यंबक, हरसूल, पेठ या भागातली चार पोरं संघात आहेत. याच पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि तिकडच्या पोरांना पळणं नवं नाही. आमचा तीन नंबर त्यांतलाच. पहाटेची एसटी धरून येतो, सीबीएसला, म्हणजे शहरातल्या बस स्टँडवर, उतरतो आणि तिथून सॅक पाठीला लावून पळतच मैदानावर पोचतो. त्याचा वॉर्मअप रस्त्यातच झालेला असतो. शेवटच्या मिनिटापर्यंत तो पळत होता. मग मागे का पोचत नव्हता, हा खरा प्रश्न होता. त्या रात्री मात्र तो प्रश्न मलाही पडला नव्हता. अंगठा दिला नसला तरी मनातून मी त्या मेसेजशी सहमत होतो.

आमच्या क्रीडा संचालक मॅडमनी मला रात्रीच फोन केला. म्हणाल्या, “सर, उद्या मीटिंग घेऊ नका. पोरं एकमेकांना खातील. आधी तुम्ही रेकॉर्डिंग बघा, मोजून काढा, मग बोलू.” हा सल्ला मिळाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मोजदाद

रेकॉर्डिंग म्हणजे राखीव खेळाडूचा मोबाइल, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या कठड्याला चिकटपट्टीने बांधलेला. अर्धं मैदान नीट दिसतं, उरलेलं तिरकं. मधली तीन मिनिटं नाहीत, कारण मालकाला घरून फोन आला आणि चित्रीकरण थांबलं. नेमका दुसरा गोल त्या तीन मिनिटांत होता.

माझ्याकडे सॉफ्टवेअर नाही. दुरेघी वही घेतली आणि रेघा मारत बसलो. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाच्या माणसाने मार्च 1950 मध्ये स्विंडन टाउनच्या एका सामन्यात वही-पेन्सिल काढून प्रत्येक हल्ल्याची नोंद करायला सुरुवात केली, तिथून फुटबॉलमधल्या मोजणीची परंपरा धरतात. रीपची गोष्ट मला दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाची वाटते. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात असं त्याला आढळलं, आणि म्हणून चेंडू लांब मारत पुढे न्यावा असा निष्कर्ष त्याने काढला. पण मुळात बहुतेक हल्लेच तीन पासच्या आत संपतात. मग गोलही त्यांतूनच जास्त येणार. गोल तेवढे मोजले आणि गोल न झालेले प्रसंग मोजले नाहीत की मोजणारा फसतो.

मीही तसाच फसणार होतो. सात गोलांची यादी केली: एक कॉर्नर, एक पेनल्टी, दोन आमच्याच गोल किकवरून (गोलीने आपल्या गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणायची किक), आणि तीन, म्हणजे दुसरा, चौथा आणि सहावा, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून. तीन नंबर दोषी, असं हा तक्ता सरळ म्हणतो. ग्रुपवरच्या मेसेजमध्येही हाच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि फक्त तीन नंबर बघितला. तो मधली रेघ ओलांडून वर गेला अशा प्रत्येक वेळी एक रेघ. तेरा भरल्या. दुसऱ्या गोलच्या वेळची एक धरून चौदा. मग प्रत्येक रेघेपुढे लिहिलं, तो वर असताना त्याच्या मागची जागा भरायला आठ नंबर, म्हणजे डाव्या बाजूचा मिडफिल्डर, आला होता का. पाच वेळा आला होता. त्या पाचांत एकदाही धोका झाला नाही. नऊ वेळा आला नव्हता. त्या नऊंत तीन गोल आणि आणखी दोन फटके.

एका सामन्याच्या चौदा रेघांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळतं. पण कुठे बघायचं ते त्या वहीने सांगितलं. लेफ्ट बॅकने वर जायचं हे मीच शिकवलेलं, आणि त्याच्या जागी मिडफिल्डरने उतरायचं हेही मीच शिकवलेलं. अर्धं घडत होतं, अर्धं घडत नव्हतं.

इथे मी दुसरी चूक करायच्या बेतात होतो. तीन नंबरवरचं खापर उचलून आठ नंबरच्या डोक्यावर ठेवायची.

हरवलेली तीन मिनिटं

सीबीएसवर जाऊन मी तीन नंबरला गाठला. संध्याकाळची गाडी लागायची होती. तो म्हणाला, “सर, तिन्ही वेळेला मीच होतो ना तिथे. मला दिसतंय ते.” मी त्याला वही दाखवली. त्याने रेघा बोटाने मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. मी एवढंच म्हणालो, “रविवारी ये. दुसऱ्या गोलचं शूटिंग नाही. तू कुठे होतास ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?” येतो म्हणाला नाही, पण रविवारी साडेसहाला हजर होता.

मॅडमनी सामना झाला तेच मैदान तासाभरासाठी मिळवलं होतं. ठरवलं असं की त्या गोलच्या वेळी जो जिथे उभा होता त्याने तिथे आपली चप्पल ठेवायची. बोलायचं नाही, आधी फक्त चप्पल. चेंडूच्या जागी पाण्याची बाटली.

अकरा चपला मांडल्या गेल्या आणि मग बोलणी सुरू झाली. तीन नंबर त्यांच्या पेनल्टी एरियाच्या कोपऱ्यावर होता, त्याने क्रॉस मारला होता, त्यांच्या गोलीने तो झेलला आणि लगेच विंगरकडे फेकला. इथपर्यंत एकमत. मग गोली म्हणाला, “मी ओरडलो होतो, मागे ये, मागे ये.” तीन नंबरने मान हलवली, काही ऐकू आलं नाही. कॅप्टन, पाच नंबर स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणाला की त्याने लाइन वर काढायला, म्हणजे बचावाची रांग पुढे सरकवायला, सांगितलं होतं. राइट बॅक म्हणाला की त्याला ‘मागे या’ असं ऐकू आलं. एकाच गोलच्या चार हकिगती, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं. गोलीच्या आणि तीन नंबरच्या चपलांमधलं अंतर बघितल्यावर हाकेचा प्रश्न आपोआप मिटला. एवढ्या लांब कुणाची हाक जाणार?

आठ नंबर गप्प होता. त्याची चप्पल मधल्या वर्तुळाच्या कडेला, थोडी डावीकडे. मी विचारलं, “तू तिथे का थांबलास?” त्याने मला दिलेलं उत्तर मी जन्मभर विसरणार नाही. “सर, मी रोज इथूनच कव्हर करतो.”

मी त्याच्या चपलेपासून विंगरला चेंडू मिळाला त्या जागेपर्यंत पावलं टाकली. चौतीस.

तिथून आम्ही सगळे गाड्या काढून कॉलेजवर गेलो. आमच्या मैदानाच्या मधोमध क्रिकेटचं पिच आहे, त्यावर पाय ठेवायला मनाई. एका बाजूला नेट्स, कडेने सकाळी चालायला येणारी मंडळी. फुटबॉलला कुंपणाच्या बाजूची पट्टी मिळते, साधारण 50 बाय 35 मीटर, सकाळी सहा ते साडेसात. तिथे आम्ही वर्षभर सात-सात जणांचा खेळ खेळतो. आठ नंबर त्याच्या रोजच्या जागेवर उभा राहिला, तीन नंबर वर गेला, आणि मी पुन्हा पावलं टाकली. तेरा.

पोरगा रोज करतो तेच, रोजच्या जागेवर उभं राहून, प्रामाणिकपणे करत होता. कॉलेजच्या मैदानावर तिथून तेरा पावलांत तो भोक बुजवतो. सामन्याच्या मैदानावर तीच जागा भोकापासून चौतीस पावलांवर पडली. ज्या पाच वेळा तो पोचला, त्या वेळी चेंडू योगायोगाने त्याच्याच बाजूला होता.

घरी येऊन हिशेब केला. 50 बाय 35 म्हणजे 1750 चौरस मीटर, चौदा खेळाडू, माणशी 125. सामन्याचं मैदान माझ्या पावलांनी 100 बाय 60 च्या आसपास, 6 हजार चौरस मीटर, बावीस खेळाडू, माणशी सुमारे 273. प्रत्येकाने सांभाळायची जागा दुपटीहून मोठी. छोट्या मैदानावरचा खेळ वाईट नव्हे. पाय चपळ होतात, पास अचूक होतो. पण बॅकची आणि मिडफिल्डची रांग एकमेकींपासून दहा-पंधरा मीटरच्या आत ठेवायची सवय तिथे लागतच नाही, कारण तिथे रांगा आपोआप जवळ असतात. लाइन वर काढणं, सगळ्यांनी मिळून सरकणं, या गोष्टी शिकवतो आहे असं मी समजत होतो. पोरं त्या शिकलीच नव्हती, मैदानच त्यांच्या वतीने ते करत होतं.

गोल किकचं उत्तर माझ्याकडे होतं

तिसरा आणि पाचवा गोल आमच्या गोल किकवरून झाले. 2019 मध्ये नियम बदलला, त्यामुळे गोल किक आता पेनल्टी एरियाच्या आतच आपल्या खेळाडूला देता येते, चेंडू बाहेर जायची वाट बघावी लागत नाही. मोठे संघ तिथूनच खेळ बांधतात. मला ते आवडतं, म्हणून मी ते आमच्या पोरांना शिकवलं. मुरमावर, सात जणांत, ते छान जमायचं.

सामन्यात दुसऱ्या गोलनंतर समोरच्यांनी तीन फॉरवर्ड थेट आमच्या एरियाच्या रेघेवर आणून उभे केले. एकविसाव्या मिनिटाला छोटा पास तुटला आणि गोल झाला. चोविसाव्याला पुन्हा डावीकडून गोल. सत्ताविसाव्या मिनिटाची गोल किक रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसते. गोली चेंडू ठेवतो, पुढे बघतो, मग मान वळवून बेंचकडे बघतो. आवाजही आहे. माझाच. “छोटा दे! खेळा, खेळा!”

तो माझ्याकडे परवानगी मागत होता. चेंडू लांब मारायचा हे त्याला कळलं होतं. मी नाही म्हटलं, त्याने ऐकलं, आणि दहा सेकंदांत पाचवा गोल झाला. हा प्रसंग मी सगळ्यांसमोर दोनदा लावला. मॅडम म्हणाल्या, एकदा पुरे. पण ज्या पोरांनी तीन नंबरला ग्रुपवर बोल लावले होते त्यांना माझा आवाज नीट ऐकू यायला हवा होता.

एकामागून एक गोल का पडतात, याबद्दल माझं मत या सामन्यानंतर बदललं. 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंतेला जर्मनीने ब्राझीलला 7-1 हरवलं, त्यात 23 ते 29 या सहा मिनिटांत चार गोल होते. आपण म्हणतो, अवसान गळलं. ते होतंच. पण आमच्या आठ मिनिटांत पोरं गळाठली नव्हती. उलट सांगितलेलं सगळं निष्ठेने करत राहिली. डावा बॅक वर जात राहिला, गोली छोटा पास देत राहिला. गोल पडल्यावर थांबून ‘आता हे बंद’ असं म्हणायचा अधिकार मैदानावर कुणाला आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं. कॅप्टनच्या दंडावर पट्टी होती, पण निर्णय सगळे बेंचवरचे.

मी पोरांना हेलसिंकीची गोष्ट सांगितली. 1952 च्या ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला होता. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कायम राहिले, आणि चारच वर्षांनी मेलबर्नला भारत उपांत्य फेरीत पोचला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आपण चौथे आलो. एक पोरगा म्हणाला, “म्हणजे सर, आपले बूट कुठले?” मी वहीतलं 125 आणि 273 दाखवलं.

नंतरचे सहा आठवडे

पूर्ण मैदान रोज मिळणं शक्य नाही. पिच हलत नाही आणि क्रिकेटवाल्यांचाही त्यावर हक्क आहे, त्यांच्याशी भांडून काही साधणार नव्हतं. मॅडमनी दर रविवारी दीड तास बाहेरचं मोठं मैदान मिळवलं, भाडं जिमखान्याच्या खात्यातून. तिथे आम्ही फक्त अंतरांवर काम करतो. पोरं फक्कीने आडव्या रेघा आखतात, पंधरा-पंधरा मीटरवर, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. मग कॅप्टन पावलं टाकून रांगांमधलं अंतर मोजतो. पहिल्या रविवारी ते 31 भरलं होतं. चौथ्या रविवारी 19. अजून जास्तच आहे.

दुसरा बदल सोपा होता आणि मला तोच जास्त जड गेला. एक गोल पडला की कॅप्टन, गोली आणि आठ नंबर मधल्या वर्तुळाजवळ एकत्र येतात आणि पुढची पाच मिनिटं कसं खेळायचं ते तिघंच ठरवतात. बेंचकडे बघायचं नाही. मी त्या वेळी तोंड बंद ठेवतो.

ग्रुपवरचा तो मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यांदेखत तीन नंबरची माफी मागितली. हे मी सांगितलेलं नव्हतं. त्याने त्याला परत ग्रुपमध्येही घेतलं.

सहाव्या रविवारी नाशिकरोडच्या एका संघाबरोबर मैत्रीपूर्ण सामना खेळलो आणि 2-1 ने हरलो. दोन्ही गोल उजव्या बाजूने झाले, तो आता पुढचा अभ्यास. पण दुसऱ्या अर्धात एक चाल झाली ती मी वहीत लिहून ठेवली आहे. तीन नंबर रेघेच्या कडेने वर निघाला. पहिल्या दोन वेळा त्याने पळता पळता मान वळवून मागे बघितलं होतं. या वेळी बघितलं नाही. मी बघितलं. आठ नंबर वर्तुळ सोडून केव्हाच खाली उतरला होता, आणि कॅप्टन हात हलवून उरलेल्यांना डावीकडे सरकवत होता.